गिटारमधला डास

गल्लीत तिला सगळे वाइंडिंगवाली म्हणतात. पंखा जळाला, मिक्सरने धूर सोडला, पाण्याच्या मोटरने मान टाकली की माणसं ते धूड उचलून तिच्या दारात. दुकान टाकलं नवऱ्याने, पण एका जागी बसून तांब्याची तार गुंडाळत राहायची चिकाटी त्याच्यात औषधालाही नव्हती. तो मोटरी उतरवतो, बसवतो, गिऱ्हाइकांशी गप्पा हाणतो. तार भरते ती. आणि तिने भरलेली मोटर परत उघडायची वेळ सहसा कुणावर येत नाही.

अशा बाईला एका डासाने जेरीस आणलं.

डास होता तिच्या दादाच्या गिटारमध्ये. दादाचा जन्म चष्म्याच्या दुकानात काड्या आणि इवलेसे स्क्रू बसवण्यात गेला. संध्याकाळी घरी आला की गिटार, आणि ऐकायला एकटी वहिनी. पुढे त्याच्या डाव्या हाताची बोटं आखडली, तारा दाबता येईनात, गिटार खिळ्याला लटकली ती लटकलीच. मग कुणीतरी सुचवलं म्हणून त्याने ओळखीच्या सुताराकडून मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार करून घेतली. तिच्या तारा दाबाव्या लागत नाहीत. पोलादी कांडी मुठीत धरून तारांवरून नुसती सरकवायची. आवाज पकडणारं तारांखालचं पिकअप, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तारेची कॉइल, ते मात्र बहिणीने भरून दिलं. "चिमे, तुझ्यासारखा हात कुणाचा?" असं दादा म्हणाला आणि पन्नाशी उलटलेली चिमी फुगून टुम्म झाली.

गिटार वाजली सुरेख. पण अ‍ॅम्प्लिफायर लावला की सुरांच्या मागे एक घूं सुरू व्हायची. तारांना हात लागलेला असेतो ती दबून राहायची, हात उचलला की डोकं वर काढायची.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे खपून गेलं असतं. पण वहिनी टेलिफोन ऑपरेटर. सारी नोकरी तिने कानाला हेडफोन लावून आणि लाइनवरची खरखर ऐकून काढली होती. आता घरी बसून कान निवतील म्हणाली, तर घरात हे.

तिने आदळआपट केली नाही. एके दिवशी नणंदेला दारातच गाठलं.

"वन्सं, तुमच्या दादाचं वाजवणं ऐकलंत? श्वास म्हणून घेत नाहीत हो. हात उचलला की तुमचा डास येतो, डास आला की माझ्या कपाळाला आठी पडते, आणि ती आठी दिसू नये म्हणून हे थांबतच नाहीत. पूर्वी दोन सुरांच्या मध्ये केवढी जागा असायची! आता मालगाडी नुसती."

आतून दादा म्हणाला, "राहू दे गं चिमे. रविवारी टाकतो माळ्यावर. जिच्यासाठी वाजवायचं तिचंच डोकं दुखणार असेल, तर काय भिंतींना ऐकवू?"

त्या घरातल्या माळ्यावर गेलेली वस्तू खाली येत नाही, हे चिमीला लहानपणापासून ठाऊक होतं. शिलाईचं मशीन गेलं ते गेलंच.

"रविवारपर्यंत हात लावू नकोस," ती म्हणाली.

पहिल्यांदा तिने पिकअपच्या खाचेला आतून तांब्याचा पातळ पत्रा लावला आणि त्याला अर्थिंगची तार जोडली. वहिनी डोळे मिटून खुर्चीत बसली.

"अहो, हात उचला." ती ऐकत राहिली. "वरची किर्र गेली. खालची घूं आहे."

चिमी चकित झाली. तिला इतके दिवस एकच आवाज ऐकू येत होता.

मग तिने ठरवलं, एक कॉइल कमी पडतेय. मोटर ढिली चालली की तिच्या मनात पहिलं हेच येतं. रविवारी ती दोन अरुंद कॉइली भरून घेऊन आली, प्रत्येकीच्या पोटात आपापलं चुंबक. शेजारी शेजारी ठेवताना त्या एकमेकींना ढकलायला लागल्या. तिने स्क्रू आवळून त्यांना गप्प बसवलं. जोडणी मोटरीसारखीच, दोघींचा जोर एका दिशेने. एक कॉइल जरी उलटी लागली तरी मोटर गुरगुरते आणि जळते, हे तिच्या हातांनाच पाठ होतं.

अ‍ॅम्प्लिफायर लावला.

"अगंबाई," वहिनी म्हणाली, "डासाने लग्न केलं वाटतं!"

दादा हसला. हसता हसता त्याने माळ्याकडे पाहिलं, आणि ते चिमीने पाहिलं.

वहिनीने चहा आणला. कप पुढे करताना ती म्हणाली, "आमच्याकडे लाइनच्या दोन तारा असायच्या, एकमेकींना पीळ घातलेल्या. मी लाइनमनला विचारलं होतं, पीळ कशाला? तर म्हणे, बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच बसतो, आणि टोकाला एकीतून दुसरीचा वजा होतो. उरतं ते माणसाचं बोलणं."

"वजा?"

"हो. तुमच्या कॉइली बेरीज करतायत का?"

चिमीचा कप हातातच राहिला. "वहिनी, एक उलटी लावायची म्हणजे... असलं काम माझ्या हातून चुकूनही कधी झालं नाही हो. आता मुद्दाम करू?"

"करा की. बाहेरचा येऊन नणंदेच्या आणि भावजयीच्या कानात एकच काडी टाकतो. दोघींनी एकमेकींच्या उलट बोलायचं. काडी विझते."

"आणि घरातला माणूस?" दादाने विचारलं.

"तो चहा पितो," दोघी एकदम म्हणाल्या.

चिमीने एका कॉइलची टोकं अदलाबदल केली. हात थोडा कचरला, पण केली. घूं गेली! दादाने घाईने तार छेडली, तर आवाज डबीत कोंडल्यासारखा, बारीक, पोकळ.

"डास मेला," तो म्हणाला, "पण गवईही आजारी पडला."

चिमीने कपाळावर हात मारला. गोंगाटाबरोबर तारेचं बोलणंही वजा झालं होतं. मग तिने विचार केला. गोंगाट येतो बाहेरून, त्याला चुंबकाशी देणंघेणं नाही. तारेचा आवाज मात्र चुंबकावरूनच कॉइलीत उतरतो. म्हणजे एका कॉइलीचं चुंबकही उलटं केलं, तर तारेचा आवाज तेवढा दोनदा उलटून सुलटा होईल, आणि घूं मेली ती मेलेलीच राहील. तिने स्क्रू सैल केले, त्याबरोबर कॉइल टुणकन बाजूला सरकली. चुंबक काढून उपडं घातलं. या खेपेला दोघी जवळ आणताच टक् करून एकमेकींना चिकटल्या. स्क्रूची गरजच उरली नाही.

"मघापासून सांगत होत्या बिचाऱ्या," ती पुटपुटली. "मीच आवळत बसले."

दादाने कांडी ठेवली, तार छेडली. सूर भरून आला, दारापर्यंत गेला. त्याने एक ओळ वाजवली. आणि मग, जरा भीतभीतच, दोन्ही हात उचलले.

रस्त्यावर कुणीतरी सायकल स्टँडवर लावली, ते ऐकू आलं.

वहिनीने मान तिरकी केली. "अगदी तळाशी आहे किंचित. राहू दे तेवढी. लाइन जिवंत आहे हे कळायला नको?"

तिच्या कपाळावर आठी नव्हती. दादाचे हात मात्र हवेतच. इतका वेळ, की चिमीला वाटलं हा पुढचं विसरला.

"लाइन साफ आहे," वहिनी डोळे न उघडता म्हणाली. "बोला."

तरी त्याने आणखी थोडा वेळ घेतला. मग कांडी टेकवली.