टपावरचा पाळणा: दारव्हा ते पांढरकवडा

आमच्या घराण्यात एक सागवानी पाळणा आहे. ज्या घरी बाळ, त्या घरी तो. एरवी दारव्ह्याला गोदाआत्याकडे चादर पांघरून पडून असतो. गोदाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. माझी लेक ओवी त्यातून उतरल्यापासून आत्याचा प्रत्येक फोन एकाच वाक्यावर संपतो, "पायना वाट पाहून राह्यला वं तुह्या दुसऱ्याची." पाळण्याला ती पायनाच म्हणते.

दुसरं होणार नव्हतं. मी आणि नवऱ्याने ते केव्हाच ठरवलं होतं, आत्याला सांगायची हिंमत तेवढी होत नव्हती. अशात आत्याच्या नातीला, प्राजक्ताला, मुलगी झाली. ती पांढरकवड्याला बँकेत नोकरीला. पाळणा तिकडे पोचवायला गाडी हवी होती. मी म्हटलं, मी नेते. एका फेरीत पाळणाही पोचेल आणि माझ्या मनावरचं ओझंही उतरेल.

डिसेंबरातल्या शनिवारी सकाळी ओवीला घेऊन नागपूरहून निघाले. बुटीबोरीवरून यवतमाळपर्यंतचा चौपदरी रस्ता लोण्यासारखा आहे. फास्टॅगमध्ये पैसे तेवढे ठेवा. नाश्त्याला वर्ध्यात थांबलात तर पोह्यांवरची झणझणीत तर्री बेताने घ्या, पुढे गाडी चालवायची असते. यवतमाळनंतर लोहारा मागे पडलं की रस्ता अरुंद होतो आणि कापसाने फुगलेल्या ट्रॅक्टरमागे मुकाट चालावं लागतं. मला त्या दिवशी कसलीच घाई नव्हती. उलट एखादा ट्रॅक्टर दारव्ह्यापर्यंत आडवा राहिला असता तर बरं झालं असतं.

आत्याने गोळाभात केला होता. भातात डाळीच्या पिठाचे तिखट गोळे, वर हिंगाची फोडणी दिलेलं तेल. जेवणं झाली, ओवी अंगणात तुरीच्या शेंगा खात बसली, आणि मी एकदाचं बोलून टाकलं.

"आत्या, आम्हाला दुसरं नको आहे. आता पाळण्याला माझ्यासाठी थांबवू नकोस."

"काहून? तब्येतीचं काही आहे का?"

"तब्येत ठणठणीत आहे. दोघांच्या नोकऱ्या आहेत, घरी बघायला कोणी नाही, हे सगळं खरंच. पण खरं सांगू का, ओवीवरच मन भरलं गं आमचं."

आत्याने शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सोलायला लागली. मला वाटलं, दुखावली.

"मले पाच झाले," ती म्हणाली. "पयला सहा महिन्याचा होऊन गेला, म्हणून दुसरी घाईनं. मंग तिसरीही पोरगीच झाली, म्हणून पुन्हा एक. शेवटचा काहून झाला तेही आठवत नाही बाप्पा. मन भरलं का म्हणून कोणी इचारलंच नाही. तुले इचारलं कोणी?"

"ह्यांनी विचारलं. मी पण स्वतःला विचारलं."

"मंग झालं तर," म्हणत तिने सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले.

रविवारी पाळणा टपाच्या कॅरिअरवर दोरीने बांधला आणि यवतमाळ, घाटंजी करत निघालो. टपावर पाळणा घेऊन फिरायची एक गंमत सांगते: तुमचं खासगी आयुष्य संपतं. सिग्नलला, पेट्रोल पंपावर, सगळीकडे एकच प्रश्न, पोरगा का पोरगी? घाटंजीजवळच्या टपरीवर चहा घेतला. चहावाल्या ताईंनी ओवीकडे पाहून विचारलं, "हे एकटीच?"

"एकटीच. पाळणा भाचीकडे चाललाय."

"मलेही दोन पोरीच. आमच्या मायच्या वक्ती पोट्टं म्हणजे कापसाच्या वेचणीले दोन हात होते. आता पोट्टं म्हणजे दप्तर, फी आन् शिकवणी. मी तं दुसरीवरच आपरेशन करून घेतलं."

बाकावरचा ट्रकवाला हसला. "आन् टीव्हीवाले म्हणते दुनियेची गर्दी वाढून राह्यली. आमच्या गावच्या पहिलीत तं चारच पोट्टे आहे."

टीव्हीवाल्यांचंही खरं होतं आणि त्याचंही. पाळणे कमी हलतात, पण पूर्वी त्यांत झोपलेली आता स्वतः आईबाप झाली आहेत, आणि आत्यासारखी माणसं ऐंशी ओलांडून शेंगा सोलत बसली आहेत. म्हणून गर्दी. ती आत्याच्या रूपात असेल तर माझी काही तक्रार नाही.

पांढरकवड्याला पोचलो आणि खरी फजिती झाली. प्राजक्ताचं भाड्याचं घर पहिल्या मजल्यावर, नवं कोरं. पाळणा जिन्यातून वर चढवला आणि सगळ्यांनी माना वर केल्या. गुळगुळीत स्लॅब. पंख्याचा हूक सोडला तर कडीचा पत्ता नाही. घर बांधताना इथे कधी पाळणा टांगावा लागेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

खाली राहणाऱ्या घरमालकीण मडावीकाकू आवाज ऐकून आल्या. "आमच्या जुन्या खोलीत छताले सागाची आडवी नाट हाय. तिथं बांधा. पोरगी दुपारी आमच्याकडंच झोपंन." त्यांची सून दाराशी उभी होती, सातवा महिना लागलेली. पाळण्याच्या कठड्यावरून तिने हळूच हात फिरवला. प्राजक्ताने माझ्याकडे पाहिलं. आमच्या मनात एकच आलं होतं, प्राजक्ताच्या बाळानंतर पाळणा हिच्या बाळाला द्यावा. पण पाळणा घराण्याबाहेर कधी गेला नव्हता, म्हणून आत्याला फोन लावला.

"दे ना वं," आत्या म्हणाली. "पायन्याले कोणाचं घर हाय ते काय समजते? त्याले हलवणारं कोणी पाहिजे."

नाटेला दोर बांधले, बाळाला ठेवलं. पहिला झोका सुनेने दिला.

हैदराबाद-नागपूर हायवेने संध्याकाळपर्यंत घरी. टप मोकळा, मनही बरंचसं मोकळं. थोडं दुखलंही, खोटं कशाला बोलू. ओवीच्या अंगाचा वास असलेली ती लाकडं आता माझ्याकडे परत येणार नाहीत.

पोचल्याचं कळवायला आत्याला फोन केला. ती ओवीबद्दल बोलली, तुरीबद्दल बोलली, आणि ते नेहमीचं वाक्य आलं नाही. त्या रिकाम्या जागेत मीच विचारलं, "आत्या, तुला तेव्हा कोणी विचारलं असतं तर किती म्हणाली असतीस?"

ती हसली. "आकडा नाही सांगत, पोट्टे ऐकतीन." मग जरा थांबून म्हणाली, "पण दोन लेकरांच्या मंधात एक साल मले पुरी झोप द्या, एवढं मागितलं असतं."