शकुनाची फेरी

“आज मशीनला हात लावायचा नाय,” शेठ माझ्या बापाला म्हणाला. “आज पूजा आहे.”

खंडेनवमी होती. सातपूरचं पत्र्याचं शेड. लेथला झेंडूची माळ, कुंकवाची बोटं. मी बापाचा, म्हणजे आबांचा, हात धरून दाराशी उभी. पेढा मिळेल म्हणून आले होते. वर्षभर आबा त्याच लेथवर राबले होते, त्यांच्या पांघरुणालासुद्धा ऑइलचा वास यायचा. पण आज हात नको.

नारळ फुटला. आता मशीनची शकुनाची एक फेरी. शेठच्या आईनं बटण दाबलं. मोटर नुसतीच घुमली. घूंऽऽ. लेथचा चक, म्हणजे ज्यात काम धरतात तो लोखंडी जबडा, जागचा हलला नाही.

हलणार नव्हताच. सिंगल फेज मोटरला उठायला वेगळं स्टार्टिंग वाइंडिंग लागतं, कंडेन्सर लागतो. ह्या मोटरचं दोन्ही जळून किती दिवस झाले होते. शेठनं बदललं नाही. कारण तशा मोटरला हातानं झटका दिला की ती फिरते. ज्या बाजूला द्याल त्या बाजूला. झटका द्यायला माझा बाप होता. सुलटी हवी तर सुलटी, उलटी हवी तर उलटी. गिऱ्हाईक आलं की शेठ गंमत दाखवायचा. “हा आमचा स्टार्टर. ना वायर, ना कंडेन्सर. दोन्हीकडं फिरवतो!” शेडमध्ये आबांना दुसरं नाव नव्हतं.

“ए स्टार्टर! बघतो काय? मोटर जळंल ना!”

आबा माझा हात सोडून धावले. तळवा चकावर टेकवला, झटका दिला, हात मागे खेचला. चक फिरला. सगळ्यांनी हात जोडले. मोटर बंद झाली. मग शेठच्या आईनं तांब्यातलं पाणी घेतलं आणि चकावर शिंपडलं. आबांचा तळवा जिथं टेकला होता, तिथं. वर नवं कुंकू लावलं.

आमची जात त्या शेडमध्ये कुणी तोंडानं काढली नव्हती. त्या दिवशी पाण्यानं काढली.

मी वर पाहिलं. आबा हसत होते.

ते हसू माझ्या मागे लागलं. आजपर्यंत सुटलेलं नाही.

हे सांगितलं की लोक विचारतात, बोटं गेली का? नाही गेली. दहाच्या दहा शाबूत आहेत. गेली असती तर लोकांना काहीतरी दिसलं तरी असतं.

आमच्या घराण्यात डिग्री घेणारी मी पहिली. इलेक्ट्रिकल. कॉलेजच्या लॅबमध्ये सरांनी एकदा मोटरचं स्टार्टिंग वाइंडिंग सोडवून ठेवलं आणि बटण दाबलं. घूंऽऽ. “आता हातानं ढकला, बघा कुठंही फिरेल,” सर म्हणाले. पोरं हसत पुढे झाली. माझ्या कानात पाणी शिंपडल्याचा आवाज. माझा बाप जिंदगीभर ज्या जागेवर उभा होता, ती माणसाची जागाच नव्हती. मुठीएवढ्या कंडेन्सरची होती. ते मला तिथं कळलं.

आता मी सातपूरलाच, पॅनल वायरिंगच्या एका शॉपमध्ये आहे. गेल्या दसऱ्याच्या आधी काम आलं: जुन्या लेथला फॉरवर्ड-रिव्हर्स बसवायचं. पत्ता बघितला. तेच शेड. शेठ थकलेला, कारभार मुलाकडं. आबा तर कधीच घरी बसलेले.

मोटर मी आमच्या शॉपमध्ये नेली. स्टार्टिंग वाइंडिंग नवीन भरून घेतलं. कंडेन्सर बसवला. त्या वाइंडिंगची दोन टोकं स्विचवर अशी आणली की दांडी एकीकडं टाकली की सुलटी, मोटर थांबू दिली आणि दुसरीकडं टाकली की उलटी. नवमीच्या आदल्या दिवशी शेडमध्ये नेऊन जोडली, चालवून दाखवली. हात लावावा लागला नाही.

शेठचा मुलगा खूश. “एक नंबर, मॅडम! आता एक करा. उद्यापुरता कंडेन्सर काढून ठेवा.”

“का?”

“पूजेला स्टार्टरकाकांना बोलावलंय. पहिली फेरी त्यांच्या हातची. पप्पांना जुने दिवस आठवतील, मी रील काढतो. आपली परंपरा आहे ना.”

“नाही काढणार.”

“अहो, मानानं बोलावलंय!”

घरी आले तर आबांनी इस्त्रीचा सदरा खुंटीला लावलेला. फोन त्यांना आधीच गेला होता.

“आबा, नका जाऊ.”

“का बरं? लय दिवसांनी आठवण काढली त्यांनी. मानानं बोलावलं.”

“कंडेन्सर बसवलाय मी. तुमची गरज नाही तिथं.”

“तुला नाय कळायचं,” आबा म्हणाले आणि चपला पुसायला बसले.

दुसऱ्या दिवशी मीही आबांबरोबर गेले. माळ, कुंकू, नारळ. म्हातारा शेठ खुर्चीत. आबा चकापाशी तळवा उघडून उभे. मोबाइल वर झाला. मुलानं दांडी टाकली.

मोटर घुमलीच नाही. सरळ फिरली. आबांचा तळवा हवेत तसाच राहिला.

“मॅडम, काढायला सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं. मी नाही म्हणाले होते.”

“ए स्टार्टर,” शेठ खुर्चीतून म्हणाला, “पोरगी लय शिकवलीस रे.”

आबा हसले. तेच हसू.

“हसू नका, आबा,” मी सगळ्यांसमोर म्हणाले. “चला.”

घरी, दारात चपला काढताना आबा म्हणाले, “तेवढाच मान होता माझा तिथं. तो बी तू काढून घेतला.”

शेठच्या मुलानं आमच्या मालकाला फोन केला. मालक म्हणाला, “माफी माग, विषय संपव.” मी मागितली नाही. त्या शेडचं पुढचं काम गेलं. नोकरी कधीही जाईल.

घरचा पंखा जुना, चालू करताना घुमायचा. मी त्याचाही कंडेन्सर बदलला. तरी बटण दाबलं की खाटेवर आबांचा तळवा उघडतो. मी बघते. रोज बघते.

त्यांचा राग माझ्यावर राहू दे. मरेपर्यंत राहू दे. तो मान नव्हता. त्यांच्या तोंडावर हे म्हणायची हिंमत अजून माझ्यात नाही, म्हणून इथं लिहिते: तो मान नव्हता. मी जोडलेली मोटर कुणाच्या बापाच्या तळव्याची वाट बघणार नाही. आणि कुणी कंडेन्सर काढायला सांगितलंच, तर आधी त्यानं स्वतःचा हात चकावर ठेवायचा. मी बटणापाशी उभी आहे.