नावं नसलेली भांडी

डोळे मिटले की ती बोलायला लागायची. "लिहा भाऊ. चुलीच्या डाव्या अंगाला तांब्याची कळशी. मावशीनं दिलेली. काठाला पोचा हाय, वरातीत पडली होती."

ऐंशी सालच्या आसपास मी नाशकात कोर्टाजवळ एका वकीलसाहेबांकडे टायपिस्ट होतो. ही बाई चांदवडकडची. नवऱ्यानं नेसत्या लुगड्यानिशी घराबाहेर काढलेली, भावाकडे राहणारी. लग्नात मिळालेली आपली भांडी परत हवीत, एवढंच तिचं मागणं. "भावजयीच्या ताटात किती दिस जेवायचं? भांडी आली की माझी चूल मी मांडीन."

तिला अक्षरओळख नव्हती. यादी वाचून दाखवताना मी खोडसाळपणानं एक परात गाळली.

"परात राहिली, भाऊ." डोळे मिटलेलेच.

साहेबांनी पैसे घेऊन मिटवायचं सुचवलं. "मी इकायला नाय आले, साहेब," ती म्हणाली. साहेबांनी यादी दाव्याला जोडली.

भांड्यांवर देणाऱ्याचं नाव घालायची आपली रीत. तुमच्याही फडताळात असा एखादा डबा असेल. आमची सगळी भिस्त त्या नावांवरच होती. न्यायाधीशांच्या हुकमानं नवऱ्यानं घरातली झाडून सगळी भांडी कोर्टात आणली, तर एकावरही नाव नाही! पठ्ठ्यानं तांबटाकडून सगळी नावं ठोकून सपाट करून घेतली होती. साहेबांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं.

"आता कशी ओळखणार?" न्यायाधीशांनी विचारलं.

तिनं पदर खोचला आणि ढिगापाशी बसली. एकेक भांडं हातात घेऊन कोणी दिलं, कुठं चेपलं, कुठं कथलाचा डाग दिला, सांगत गेली. न्यायाधीश माझी यादी पडताळत होते. एकही खूण चुकली नाही. मी भल्याभल्यांच्या साक्षी ऐकल्यात. त्या दिवशी मात्र अंगावर काटा आला.

शेवटी एक घंगाळ उरलं.

"हे माझं नाय."

साहेब हळूच म्हणाले, "बाई, असू द्या."

"कसं असू द्या? आत्याबाईंच्या आईनं दिलंय ते."

निकाल तिच्या बाजूनं लागला. भांडी टेम्पोत घालून ती गेली ती गेलीच. पुन्हा कधी दिसली नाही. पण जाण्याआधी ते घंगाळ उचलून ती मागच्या बाकाकडे गेली. तिथं तिच्या आत्याबाई, म्हणजे सासू, बसली होती, सारं काही लेकाचंच म्हणून सांगायला आलेली.

"आत्याबाई, तुमचं तुमच्यापाशी ठेवा."

सासूनं घंगाळ मांडीवर घेतलं. ठोकलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग लेकाकडे बघून म्हणाली, "माझ्या आईचं नाव व्हतं रे इथं."