राजकन्या निघाली

पुस्तकांतल्या राजकन्या मी पुष्कळ वाचल्या. बहुतेक पलंगावर निजून राजपुत्राची वाट बघणाऱ्या. लक्षात राहिली ती रिहे गावच्या भातखाचरात ऐकलेली. मी तिथं नवी मास्तरीण होते. एसटी पौडपर्यंतच यायची, पुढं पायपीट. वाटेत एक बाई भात लावता लावता सोबतिणींना गोष्ट सांगायची. राक्षस आला की रोप जरा जोरातच खोचायची. बायका ‘हूं’ म्हणत तिच्याबरोबर मागं सरकायच्या.

तिची राजकन्या राक्षसाच्या किल्ल्याची भिंत नथीच्या तारेनं रोज थोडी कोरायची. एक दिवस बाहेर पडली.

“आणि राजपुत्र?” मी बांधावरून विचारलं.

“त्यो कशाला? भिंत तिनं कोरली न्हवं?”

मी हसून म्हटलं, “दिवसा गोष्ट सांगितली की सांगणाऱ्याचा मामा वाट चुकतो म्हणतात.”

ती कंबर सरळ करून उभी राहिली. “धा वरसं झाली बाई, म्हायेरचं कुनी मला न्यायला आलं न्हाई. आता वाट चुकंल कोन?”

आणि पुन्हा वाकून तिनं रोप खोचलं. “तर बायांनो, राजकन्या एकलीच निघाली.”

“हूं,” सगळ्यांच्या आधी मीच म्हणाले.