कुंदाताईंच्या कमरेचा साचा

ओला स्विमसूट अंगातून निघेना म्हणून कुंदाताई रोह्याच्या तरणतलावावरच्या चेंजिंग रूममध्ये अडकून पडल्या होत्या आणि मी दाराबाहेर उभी होते. आतून धापा ऐकू येत होत्या. आत येऊ का, असं मी दोनदा विचारलं. बऱ्याच वेळाने कडी निघाली.

"ये गो," कुंदाताई म्हणाल्या. "पण हसू नको."

हसण्यासारखं काही नव्हतंच. स्विमसूट खांद्यांवरून उतरला होता, पण कमरेशी त्याची घट्ट वळकटी झाली होती. ती खालीही जाईना आणि वरही येईना. शेवटी मी कात्री घेतली आणि स्वतः शिवलेलं सॅम्पल स्वतःच कापून काढलं. कुंदाताईंच्या पोटावर लालभडक वळ उठला होता. तो बघून मला माझ्या धंद्याचीच चीड आली.

मी पॅटर्न मेकर आहे. डिझायनर कपड्याचं चित्र काढतो, त्या चित्रावरून मी कागदाचे तुकडे पाडते आणि ते तुकडे कापडावर ठेवून कपडा बेततात. बरीच वर्षं मुंबईतल्या एक्सपोर्ट कंपन्यांत हे केलं. आता पेणला घराच्या खालच्या मजल्यावर माझं छोटं सॅम्पलिंग युनिट आहे. ब्रँडवाले माझ्याकडून नमुना करून घेतात आणि तो पास झाला की माल मोठ्या फॅक्टरीत शिवतात.

हे काम ठाण्याच्या रेवती मॅडमचं होतं. पन्नाशीच्या पुढच्या बायकांसाठी त्यांना बॉडी शेपिंग स्विमसूट काढायचा होता. गुडघ्यापर्यंत पाय, कोपरापर्यंत बाह्या आणि पोट आत. पोट आत यावर त्यांचा फार जोर. फोनवर मला म्हणाल्या होत्या, आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला की फरक लांबून दिसला पाहिजे.

बॉडी शेपिंगमध्ये जादू काही नसते. वरून नायलॉन-लायक्राचं कापड आणि आतून पोटावर पॉवरनेटचा तुकडा. पॉवरनेट म्हणजे ताणली की तितक्याच जोराने मागे ओढणारी जाळी. स्विमसूट मुळात अंगाच्या मापापेक्षा लहानच बेततात, नाहीतर तो पाण्यात फुगतो. त्यात पॉवरनेट आलं की पोटाला मिठी बसते. ती मिठी किती घट्ट असावी आणि कुठे सुरू होऊन कुठे संपावी, एवढंच काय ते ठरवायचं असतं. ऐकायला सोपं वाटतं.

ट्रायलसाठी मला त्या वयाची बाई हवी होती. रोह्याला तलावावर बायकांची बॅच सुरू होणार होती, तिथल्या कोच बाईंनी मला कुंदाताईंचं नाव सांगितलं. कुंदाताई रोह्याला लागून असलेल्या वरसे गावच्या. सगळा जन्म एका कंपनीच्या कँटीनमध्ये उभ्याने गेला आणि त्यात दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. कुंदाताईंना त्याचा आनंदच झाला होता, कारण त्यांचं माहेर धरमतरच्या खाडीवर. वडील मिठागरावर कामाला आणि ही पोर भरतीच्या पाण्यात. लग्न झालं, नऊवारी-पाचवारी सुरू झाली आणि पाणी सुटलं ते सुटलंच. तीन दुकानं फिरून त्यांना अंगाला बसेल असा एक पोशाख मिळाला नव्हता. मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, तू शिव, मी घालते.

आता अडचण होती डमीची. डमी म्हणजे शिंप्याच्या दुकानात असतो तो बिनडोक्याचा पुतळा. माझ्याकडची डमी बाहेरून आणलेली, चवळीच्या शेंगेसारखी. तिच्यावर पोटाचा तुकडा बसवून काय कळणार? मग मला सुचलं, आपण पेणमध्ये राहतो. इथे गल्लोगल्ली गणपतीचे कारखाने आहेत. साचा घेणं आणि त्यातून अंग काढणं यात या माणसांचा हात कोण धरणार?

विलासदादांचा कारखाना माझ्या घरापासून जवळ. सीझन नुकताच संपला होता, त्यांना सवड होती. बाईच्या अंगाचा साचा म्हटल्यावर दादा आधी लाजले. मग ठरलं की साचा त्यांच्या बायकोने, वैशालीवहिनींनी, घ्यायचा आणि पुढचं काम दादांनी करायचं. कुंदाताईंना जुना टीशर्ट घालून टेबलाला टेकून उभं केलं, वरून प्लॅस्टिक गुंडाळलं आणि हात मोडल्यावर बांधतात त्या प्लास्टरच्या पट्ट्यांनी वहिनींनी त्यांना छातीपासून मांड्यांपर्यंत लिंपून काढलं. वाळेपर्यंत कुंदाताई कँटीनच्या गोष्टी सांगत होत्या. विसर्जन कधी करणार, असं त्यांनी विचारलं तेव्हा वहिनींच्या हातातली पट्टी खाली पडली.

साच्यात कागदाचा लगदा भरून दादांनी अंग काढलं, वाळवलं, घासलं आणि वरून पांढरा हात मारून आणून दिलं. बघतच राहावं असं काम. मोठं पोट, रुंद कंबर, सगळं होतं. लगद्याचं पोट दाबलं जात नाही हे मला माहीत होतं, पण कुठली शिवण कुठे येते ते तर कळतं. पॉवरनेटचा तुकडा मी बेंबीच्या वर दोन बोटांपासून सुरू केला. सॅम्पल डमीवर चढवलं, एक सुरकुती नाही. रेवती मॅडमना फोटो पाठवला, त्यांनी टाळ्या पाठवल्या.

आणि तेच सॅम्पल तलावावर कापून काढायची वेळ आली.

कपडे बदलून आल्यावर कुंदाताई बाकावर बसल्या. मी माफी मागत होते, त्या ऐकत नव्हत्या. मग म्हणाल्या, "मला बारीक दिसायचं नाय गो. मला पाण्यात जायचं हाय. नाय जमत तर राहू दे. मी काठावर बसून बघीन." त्यांनी चिडून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या अगदी शांतपणे, ठरवून बोलल्या. बॅच आठवड्यावर आली होती.

घरी येताना मी एकच विचार करत होते. तुकड्याची वरची कड गुंडाळत खाली गेली आणि एका ठरावीक जागी जाऊन रुतली. ती जागा मी चेंजिंग रूममध्ये पाहिली होती. लाल वळाच्या खाली एक जुनी, काळपट, खोलगट रेघ होती, कमरेभोवती पूर्ण फिरलेली. परकराची नाडी रोज तिथेच आवळून चाळीस वर्षांत पडलेली. लास्टिकची खोड अशी, की ते अंगावरची सगळ्यात बारीक जागा शोधतं आणि तिथे जाऊन बसतं. त्याला ती रेघ सापडली होती.

मग डमीवर ती रेघ का सापडली नाही? मी युनिटमध्ये गेले आणि डमीच्या कमरेवरून हात फिरवला. गुळगुळीत. तशीच उठून कारखान्यात गेले.

"दादा, साच्यात कमरेला एक रेघ उठली होती का?"

"उठली होती ना," विलासदादा म्हणाले. "चांगली करंगळी बसेल एवढी. डाव्या अंगाला खड्डा पण होता, ऑपरेशनच्या टाक्यांचा असेल. सगळं भरून घासून दिलं तुम्हाला."

"घासून का दिलं पण?"

दादांना प्रश्नच कळला नाही. "ताई, खोट असलेलं काम आपल्या कारखान्यातून बाहेर जात नाय. वडिलांपासून नाय."

मला राग यायला हवा होता, पण कोणावर काढणार? या माणसाचा हात जन्मभर खोट दिसली की आपोआप भरून काढत आलेला. मी त्यांना सांगितलंच नव्हतं की मला देव नको, बाई हवी आहे. नाडीचं सगळं समजावून सांगितलं. कोपऱ्यात रंगाच्या वाट्या धुणाऱ्या वैशालीवहिनींनी नकळत स्वतःच्या कमरेला हात लावला.

"ती तर सगळ्यांनाच हाय," त्या म्हणाल्या.

म्हणजे हा एका कुंदाताईंचा प्रश्न नव्हता. रेवती मॅडमचं एकूण एक गिऱ्हाईक ती रेघ घेऊनच येणार होतं.

साचा दादांनी फेकला नव्हता. त्यातून दुसरं अंग काढायला ते तयार झाले, पण रेघ आणि खड्डा तसाच ठेवायचा म्हटल्यावर त्यांचा जीव वरखाली व्हायला लागला. शेवटी म्हणाले, देतो, पण कोणी केलं ते सांगू नका.

इकडे रेवती मॅडमना मी खरं ते कळवलं. त्यांचा लगेच फोन. त्यांचं म्हणणं, पॉवरनेट आणखी कडक घे, म्हणजे गुंडाळणार नाही.

"मॅडम, घट्ट केल्याने पोट नाहीसं होत नाही," मी म्हटलं. "ते सरकतं. वर सरकलं की श्वास अडतो. मी मऊ जाळी घेणार आहे."

"मऊ? मग शेपिंग कसलं, मीनल? तिरुपूरचे फॅक्टरीवाले मला हवं तसं करून द्यायला तयार आहेत."

एक ट्रायल द्या, मी म्हटलं, आणि तुम्ही स्वतः या. त्या हो म्हणाल्या.

नवीन पॅटर्नमध्ये मी पोटावरची कडच काढून टाकली. जाळीचा तुकडा वर छातीखालच्या शिवणीपर्यंत नेला आणि खाली मांड्यांच्या शिवणीत संपवला. मध्ये कुठे टोकच नाही, तर रुतणार काय? जाळी फक्त पुढून, बाजू मोकळ्या, म्हणजे बरगड्यांना फुलायला जागा. खांद्यापासून पायांमधून परत खांद्यापर्यंत जे माप घेतात, ज्याला आम्ही टॉर्सो म्हणतो, ते थोडं वाढवलं. ते आखूड असलं की खांदे दुखतात आणि बाई वाकून चालते. पुढे गळ्यापासून बेंबीच्या खालपर्यंत चेन दिली, म्हणजे ओला सूट सोलून काढावा लागणार नाही.

कुंदाताईंना परत तयार करणं हे त्याहून अवघड. त्यांना पेणला बोलावलं, काम काही सांगितलं नाही. टेबलावर दुसरी डमी होती. दादांनी मन मारून सगळं तसंच ठेवलं होतं. रेघ, टाक्यांचा खड्डा आणि एका अंगाला ओघळलेलं पोट. कुंदाताई तिच्याभोवती फिरल्या. रेघेवरून बोट फिरवलं, खड्ड्यापाशी थांबल्या. त्यांना वाईट वाटेल की काय अशी मला धास्ती वाटली.

"ही माझीच हाय," त्या म्हणाल्या. "पहिली होती ती कोण होती काय माहीत." मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आण. घालून बघते."

ट्रायलच्या दिवशी रेवती मॅडम मोबाईल हातात धरूनच तलावावर आल्या. कुंदाताई बाहेर आल्या तेव्हा त्यांचं पोट पोटासारखंच दिसत होतं, फक्त सावरलेलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बोट दाखवलं. कुंदाताई कठडा धरून एकेक पायरी उतरल्या. कमरेइतक्या पाण्यात कोच बाईंबरोबर चालायला लागल्या, गेल्या, आल्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी कोचचा हात सोडला आणि काही कळायच्या आत पाय उचलून हात मारायला लागल्या. कुठल्याही क्लासात शिकवत नाहीत असं पोहणं, मान वर आणि खाडीतल्या पोरांसारखे हात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. रेवती मॅडम काठावरून विचारत होत्या, पोटाला दाबल्यासारखं होतंय का? कुंदाताईंचं लक्षच नव्हतं. मॅडमनी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि विचारलं, यात एक्सएलच्या वरची मापं किती दिवसांत देशील?

आमच्याकडे नियम असा की ट्रायलनंतर सॅम्पल परत येतं. ते धुतात, वाळवतात, मोजतात, किती सैल पडलं ते बघतात आणि मगच पास म्हणतात. बॅच संपली तशी मी टॉवेल घेऊन उभी राहिले. कुंदाताई वर आल्या, ओल्या सुटावर गाऊन चढवला, सॅम्पल उद्या बघू म्हणाल्या आणि तशाच रिक्षात बसून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी फोन केला तर त्या तलावावर होत्या. तिसऱ्या दिवशीही.

रेवती मॅडमनी न मोजताच पास केलं. मी मात्र तेव्हापासून ट्रायलला नेताना प्रत्येक मापाची दोन सॅम्पल शिवते. त्यातलं एक परत येईल असं धरायला हरकत नाही.