दादाचा डावा पाय

मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दिवसभर लोकांना तारखा देते आणि दिवसभर लोक त्या बदलतात. दाढ किडून गाल टम्म सुजला तरी "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणणारी माणसं मी वीस वर्षं बघते आहे, त्यामुळे आपल्याला चांगला संयम आहे असा माझा समज होता. मग माझ्या सख्ख्या भावाच्या कमरेतली गादी सरकली, आणि त्याने ऑपरेशनची तारीख तीनदा बदलली. माझा संयम पगारी आहे, घरी तो सोबत येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

दादा फरशी बसवतो. वय एक्कावन्न, त्यातली तेहेतीस वर्षं गुडघ्यांवर गेलेली. कामावर त्याला सगळे मास्तर म्हणतात. त्याच्याकडे लेव्हल आहे, काटकोन बघायला गुण्या आहे, दोरी आहे, पण शेवटचा शब्द त्याच्या डाव्या पायाचा. खोली पूर्ण झाली की चप्पल काढायची, डोळे मिटायचे आणि डावा चवडा घासत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचं, ही त्याची रीत. एका फरशीची कड शेजारच्या फरशीपेक्षा जाड कागदाइतकी जरी वर असली तरी तो तिथे थांबतो, कानामागची पेन्सिल काढतो आणि त्या फरशीवर फुली मारतो. फुलीची फरशी खालचा सिमेंटचा माल ओला आहे तोवर काढून पुन्हा बसवायची. घरमालक म्हणतात, अहो मास्तर, डोळ्यांना तर काही दिसत नाही. त्यावर दादा विचारतो, डोळ्यांनी कोण चालतं? उजव्या पायावर मात्र त्याचा काडीचा विश्वास नाही. का, ते मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाला, तू दोन्ही हातांनी लिहितेस का.

गेल्या वर्षी एका न्हाणीघराच्या दारात वाकून शेवटचा तुकडा बसवताना त्याला शिंक आली. झालं ते एवढंच. कमरेतून निघालेली कळ डाव्या मांडीच्या आणि पोटरीच्या मागून थेट टाचेत उतरली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. त्याला बसता येईना. फ्रिजवर ताट ठेवून तो उभ्याने जेवायचा, आणि वहिनींना फ्रिजमधलं काही हवं असलं की त्याचं जेवण होईपर्यंत थांबायचं. रात्री पायांखाली तीन उशा घ्यायचा. घरात उशा चारच, म्हणजे वहिनींच्या वाट्याला काय येत असेल ते समजून घ्या.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं की घाबरू नका, बहुतेकांचं दोन-अडीच महिन्यांत आपोआप बरं होतं, गोळ्या घ्या, व्यायाम करा, वजन उचलू नका. दादाने गोळ्या घेतल्या. व्यायाम चार दिवस केला, आणि वजन आपण उचलत नाहीच असं तो सिमेंटच्या गोणीवर हात ठेवून सांगायचा. अडीच महिने गेले, कळ गेली नाही. मग एमआरआय झाला आणि मी त्याला एका सर्जनबाईंकडे घेऊन गेले. माझ्याच वयाच्या होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी त्याला एका पायाच्या चवड्यावर उभं केलं, तळव्यावर कापूस फिरवला, मग फिल्म उजेडात धरून शेवटच्या मणक्याखालची गादी कुठून मागे सरकली आहे आणि पायाकडे जाणारी नस कुठे दाबली जाते आहे ते दाखवलं. नुसतं दुखत असेल तर ऑपरेशन करायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, घाई नाही, असं त्या म्हणाल्या. मग पुढे बोलल्या ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"पण पायातली ताकद किंवा जाणीव कमी व्हायला लागली, तर मग ठरवत बसू नका. दाबलेली नस फार वाट बघत नाही. उशीर झाला तर गेलेलं परत येईलच असं मी सांगू शकत नाही."

दादाने मान डोलावली. मग त्या बाईंना म्हणाला, "बाई, बसलेली फरशी उघडायची नसते. एक उघडली की शेजारच्या चार हलतात." बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मी असते तर हातातली फिल्म त्याच्या डोक्यात घातली असती.

एक तारीख धरून ठेवली आणि गावभर बातमी झाली. ज्यांच्या कमरेत आयुष्यात कधी उसण भरली नव्हती ते सगळे मणक्यातले तज्ज्ञ निघाले. कुणी पट्टा आणला, कुणी तेल आणलं. शेजारच्या काकांनी दाराच्या चौकटीला लोंबकळायला सांगितलं, आणि दादा खरंच लोंबकळला. चौकट निखळली, त्याची कंबर होती तशीच राहिली. वहिनींच्या मामांचं पंचवीस वर्षांपूर्वी पाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि ते त्यानंतर काठीशिवाय चालले नव्हते. वहिनी बिचाऱ्या त्या एका मामांपुढे कुणाचंच ऐकेनात. दुखतंय तर दुखू दे, पण माणूस चालतोय ना, असं म्हणून पदराला डोळे पुसायच्या. पहिली तारीख वहिनींच्या डोळ्यांतल्या पाण्यात गेली. दुसरी दादाच्या सर्दीत गेली. सर्दी कमरेला काय करते असं मी विचारलं, तर म्हणाला, शिंकेनेच तर सगळं सुरू झालं ना.

मग एके दिवशी तो माझ्याकडे आला, खुर्ची ओढली आणि बसला. चांगला दहा मिनिटं बसून चहा प्यायला. कळ जवळजवळ गेली होती. बघ, म्हणाला, उगाच उघडून बसलो असतो. मला इतका आनंद झाला की मी त्याला दुसरा कप दिला. निघताना तो जिना उतरू लागला, आणि त्याच्या डाव्या पायातली चप्पल वरच्याच पायरीवर राहिली. तो तसाच तीन पायऱ्या खाली गेला. मी हाक मारली तेव्हा त्याने वळून आधी चपलेकडे पाहिलं आणि मग पायाकडे.

"सैल झालीय," म्हणाला.

मी सर्जनबाईंना फोन केला. दुखणं कमी आणि बधिरपणा जास्त, हे बरं होणं नव्हे, त्यांना लगेच घेऊन या, असं त्यांनी सांगितलं आणि तिसरी तारीख दिली, सहाच दिवसांनंतरची. मी दादाला सांगितलं, वहिनींना सांगितलं, पुन्हा दादाला सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मुंग्या सगळ्यांनाच येतात, तू दातांचं बघ, म्हणाला.

आणि ती तारीख त्याने का बदलली? तर माझ्या स्वयंपाकघरासाठी. जुनी फरशी उखडून नवीन घालायची होती आणि मी मुद्दाम, दादाला न कळवता, दुसऱ्या कारागिराला काम दिलं होतं. दादाला कुठून तरी कळलं. ज्या दिवशी त्याने दवाखान्यात भरती व्हायचं, त्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात थापी घेऊन उभा. त्या कारागिराला त्याने परस्पर घरी पाठवलं होतं आणि दवाखान्यात फोन करून बहिणीचं महत्त्वाचं काम निघालं असं कळवलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बहिणीच्या घरात परक्याचा हात? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील ते मला माहीत होतं, कारण ते मीच म्हणत होते.

त्याच्याबरोबर त्याचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार होता. माल कालवतो, हातात सतत बादली, म्हणून त्याला सगळे बादलीच म्हणतात आणि तो ओ देतो. अबोल माणूस. दोन दिवस काम चाललं. वाकायचं नाही म्हणून दादा कुशीवर आडवा होऊन फरश्या बसवत होता, वरून रबरी हातोडीने ठोकत होता, आणि मी रजा टाकून ओरडत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची फरशी बसली. दादाने चप्पल काढली, डोळे मिटले आणि डावा चवडा घासत चालला. भिंतीपासून भिंतीपर्यंत, कुठेही न थांबता. मग डोळे उघडून म्हणाला, "आरशासारखी झालीय. एकही फुली नाही." आणि हात धुवायला आत गेला.

मी चहा ठेवायला म्हणून कडेकडेने अनवाणी ओट्याकडे गेले आणि ओट्यासमोर माझा अंगठा ठेचकाळला. वाकून बोट फिरवलं. दोन फरश्यांची कड वर होती, आणि कागदाइतकी नव्हे, चांगली नाण्याच्या जाडीएवढी. मी मान वर केली तर बादली माझ्याकडेच बघत होता.

"ताई, बोलू नका," तो हळूच म्हणाला. "मास्तर घरी गेले की काढून बसवतो मी. मागच्या दोन्ही कामांना तेच केलंय."

म्हणजे मागच्या दोन्ही कामांपासून दादाच्या पायाला काही कळत नव्हतं, आणि हा भला माणूस मायेपोटी त्याच्या मागून फरश्या उचकटून सरळ करत होता. मास्तरांचा मान राहिला होता आणि मास्तरांचा पाय चालला होता. वर्षभर मी उठता-बसता दादाला सुनावत आले होते, आणि आता सांगण्यासारखं खरंच काही होतं तर माझी जीभ उचलेना. मला भीती वाटली. ज्या पायाच्या जिवावर हा माणूस मास्तर झाला, तो पाय खोटं बोलतोय हे त्याला बहिणीने कसं सांगायचं?

दादा हात पुसत आला.

"दादा," मी म्हणाले, "ओट्यासमोर एकदा परत चाल."

तो चालला. डोळे मिटून. मला त्या कडेवरून त्याचा तळवा जाताना दिसत होता, कातडीत कड रुतलेली दिसत होती. तो पुढे गेला.

"गुळगुळीत," म्हणाला.

"आता उजव्याने."

"उजव्याला काय कळतं?"

"माझ्यासाठी चाल."

त्याने उजवा पाय घासत आणला आणि तो थांबला. डोळे उघडले. डावा ठेवला, मग उजवा, मग पुन्हा डावा. बराच वेळ तो त्या दोन फरश्यांवर पाय बदलत राहिला. मग त्याने बादलीकडे पाहिलं. बादलीने बादलीत पाहिलं.

"किती?" दादाने विचारलं.

"मागच्या दोन कामांत नऊ निघाल्या, मास्तर. बसवल्यात सगळ्या नीट."

दादा गोणीवर बसला. कानामागची पेन्सिल काढली, पण वाकता येईना, म्हणून ती माझ्या हातात दिली. मी दोन्ही फरश्यांवर फुल्या मारल्या. बादली थापी घेऊन पुढे झाला, तसा दादाने त्याला हाताने अडवलं.

"राहू देत त्या. सुकल्या तर फोडू, दोन नवीन टाकू. पायाचं तसं नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या बाईंना फोन कर. तू कर. मी केला तर परत पुढची तारीख मागेन."

मला खूप काही बोलता आलं असतं. वर्षभराचं साठलेलं होतं. मी फोन लावला.

ऑपरेशन दोन दिवसांनी झालं. वहिनी बाहेरच्या बाकावर मामांचं नाव न काढता बसल्या, ही त्यांच्याकडून मोठीच गोष्ट होती. तिसऱ्या दिवशी दादा घरी चालत आला, काठीशिवाय. कळ गेली होती, पण तळव्याचं काय ते सर्जनबाई सांगेनात. वेळ लागेल, पूर्ण येईल की नाही माहीत नाही, उशीर झालाच आहे, एवढंच म्हणाल्या. तीन महिने वाकायचं नाही, उचलायचं नाही.

आणि तेव्हापासून माझ्या डोक्याला दर रविवारचा ताप सुरू झाला. त्या दोन फरश्यांना तो कुणाला हात लावू देईना. पाय तपासायला काहीतरी पाहिजे ना, म्हणे. सकाळी येणार, चप्पल काढणार, डोळे मिटून ओट्यासमोर चालणार, आणि "नाही" म्हणून चहा पिऊन जाणार. मी आठवडाभर त्याच कडेला ठेचकाळणार. एकदा नख उखडलं, एकदा कढईभर गरम तेल थोडक्यात वाचलं. नवऱ्याने तिथे पायपुसणं टाकलं तर दादाने ते उचलून बाहेर ठेवलं. फुल्या पुसल्या गेल्या की मला पुन्हा मारायला लावायचा. तीन महिने असे गेले, मग चौथा लागला. त्याचं "नाही" दर आठवड्याला लहान होत गेलं, आणि मी चिडायचीही बंद झाले.

परवाच्या रविवारी मी भाजी चिरत होते. तो नेहमीसारखा आला आणि चालला. मी मागे वळूनही पाहिलं नाही. मग पावलांचा घासल्याचा आवाज थांबला.

तो डोळे मिटून उभा होता. पाय मागे घेतला, पुन्हा पुढे सरकवला.

"टाचेखाली नाही," म्हणाला. "पण करंगळीपाशी काहीतरी लागतंय. इथे. कड आहे ही."

त्याने एकदा, दोनदा, पाचदा त्या कडेवरून पाय नेला आणि दर वेळी थांबला. मग कानामागे हात नेला, पेन्सिल काढली आणि सर्जनबाईंनी शिकवल्यासारखा, पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांवर खाली बसला. पहिल्या फरशीवर त्याने स्वतःच्या हाताने फुली मारली. मी ओट्याला टेकून ढसाढसा रडत होते, आणि दादा मला चिडून बाजूला हो म्हणत होता, कारण दुसऱ्या फरशीवर मी उभी होते.