मिलानच्या सात ओळी

सोनपेठच्या किराणा दुकानदाराचा मुलगा वीरुपाक्ष एका साखर कारखान्यात संगणकावर बसायचा, आणि त्या खुर्चीचा त्याला इतका तोरा, की विचारता सोय नाही. ऊसतोडीच्या चिठ्ठ्या मराठीत छापणारा अख्ख्या जिल्ह्यात मीच, असं येईल-जाईल त्याला ऐकवायचा. निम्मं श्रेय खरं तर युगोस्लाव्हियातल्या मिलानचं. प्रिंटरला इंग्रजीखेरीज दुसरी लिपी कळत नसे. मिलाननं आपल्या लिपीची अक्षरं ठिपक्या-ठिपक्यांनी छापणारा प्रोग्राम लिहिला आणि मागेल त्याला फुकट वाटला. अट एकच: दुरुस्ती केलीस तर मलाही कळव. संगणकाच्या एका मासिकात त्याचा पत्ता बघून वीरुपाक्षानं पत्र टाकलं, फ्लॉपी आली, तिच्यात त्यानं मराठी बसवली आणि त्याच जोरावर नोकरीत कायम झाला.

१९९२ साली, गाळप सुरू व्हायच्या तोंडावर, मिलानचं पत्र आलं. प्रोग्राम शंभराव्या पानाला अडकतो. महिनाभरात सुधारला नाही तर छापखान्याचा मालक मला घरी बसवणार आहे. तुला काही सापडलंय का?

वीरुपाक्षाला ती चूक मागच्याच हंगामात सापडली होती. दुरुस्ती सात ओळींची. मिलानला कळवायचं तेवढं सोयीस्करपणे राहून गेलं होतं.

आता मात्र तो फ्लॉपी घेऊन पोस्टात गेला. पण तिकडं लढाई पेटलेली, जगानं त्या देशावर बहिष्कार टाकलेला. पोस्टमास्तरनं पाकीट परत सरकवलं. "वरून बंदी हाय, अप्पा."

कारखान्याच्या वजनकाट्यावर भुजंग होता, सोनपेठच्याच बौद्धवाड्यातला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ह्या मिलाननं काय केलंय?"

"त्यानं कुठं काय केलंय? केलंय त्याच्या सरकारनं."

"मंग सात ओळी पत्रात लिव्हा की. बंदी मालाला हाय, पत्राला न्हाई. त्याचं पत्र आलंच न्हवं?"

"नगं बाबा. उगं झंझट. कायमची नोकरी हाय."

भुजंग हसला. "कुणाला कळायलंय, अप्पा? माझी माय बी तुमाला हेच म्हणली होती."

ते अठ्ठ्याहत्तर साल. नामांतराच्या दंगलीत गावानं बौद्धवाड्याचं दाणापाणी तोडलं, तेव्हा भुजंगची आई दगडाबाई रॉकेलचा डबा घेऊन दुकानाच्या मागच्या दाराशी आली होती. दुकानात वीरुपाक्ष एकटा, पिंप काठोकाठ भरलेलं. मागून द्या मालक, कुणाला कळतंय, असं ती हात जोडून म्हणाली. त्यानं तेव्हा तिला पोस्टमास्तरसारखंच सांगितलं, वरून बंदी आहे. वर कोण होतं? त्याचा बाप, आणि तोही दोन दिवसांपासून परगावी. दरवर्षी बसवजयंतीला समतेवर भाषण ठोकणारा हा गडी! अशा माणसाला कुणी अडवावं लागत नाही, तो स्वतःच अडून बसतो.

पत्र त्यानं लिहिलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास मिलानचं पाकीट आलं. आत एकच कागद होता.

"नोकरी गेली. पण घरी बसून शोधता शोधता चूक सापडली. आपल्या अटीप्रमाणे दुरुस्ती कळवतो आहे. तुझ्या शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्या अडू नयेत."

खाली सात ओळी होत्या. वीरुपाक्षानं त्या आपल्या ओळींशी ताडून पाहिल्या, तर अगदी त्याच निघाल्या.

पोच द्यायला दहा मिनिटंसुद्धा लागली नसती. तीही त्यानं दिली नाही.